विजापूरची आदिलशाही नीट बघायचीय? मग एवढं करून जा

विजापूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा काय बघितलं, उत्तर ठरलेलं. गोलघुमट बघितला, वर जाऊन टाळी वाजवली, सात वेळा आवाज आला, तोफेबरोबर फोटो काढला, संध्याकाळी सोलापूरला परत. यात वाईट काही नाही, पण जवळजवळ दोनशे वर्षं राज्य केलेल्या एका घराण्याने अख्खं शहर बांधून काढलं आणि त्यातलं आपण अर्धा तास ओरडून परत येतो हे जरा जास्तच होतं.

मी हे सगळं फिरून, चुकीच्या क्रमाने आणि बरोबर क्रमाने दोन्ही बघून लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, विजापूर अंतराप्रमाणे बघू नका, घराण्याच्या क्रमाने बघा. म्हणजे कोणता सुलतान आधी, कोणता नंतर, आणि आधीच्याने जे करून बघितलं ते पुढच्याने कुठं नेलं. असं बघितलं की गोलघुमट नुसता मोठा वाटत नाही, तो तसा का झाला ते कळतं. थोडी उलटसुलट रिक्षा करावी लागते, चालतंय.

शहराचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपुरा आहे, तिकीट बुक करताना तेच शोधा. बाकी लेखात मी विजापूरच म्हणणार.

१. निघायच्या आधी चार सुलतान पक्के करा

आदिलशहा एकूण नऊ झाले पण बांधकामं बघायला चार पुरेत. बहमनी राज्य फुटलं तेव्हा युसुफ आदिलखानाने १४९० च्या आसपास विजापुरात स्वतंत्र कारभार सुरू केला. तो आणि त्याच्यानंतरचे पहिले काही सुलतान विजापुरात पुरलेलेच नाहीत, ते गोगी नावाच्या गावात आपल्या पिराच्या शेजारी आहेत. त्यामुळे शहरात जे भव्य दिसतं ते साधारण १५६० नंतरचं धरा.

पहिला अली (१५५८ ते १५८०). हा विजयनगरविरुद्धच्या १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतला. लढाईनंतर पैसा आणि मुलूख दोन्ही हातात आलं आणि याच्या काळात आधीच्या गगन महालाला तटबंदी, चांद बावडी, जामा मशीद यांची जोड मिळून शहराचं हाडपेर तयार झालं. नगरची चांदबीबी याचीच बायको.

दुसरा इब्राहिम (१५८० ते १६२७). गाण्याचा, चित्रांचा, वाद्यांचा वेडा. दखनीत गीतं लिहिली, त्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन आहे, लोक याला जगद्गुरू म्हणायचे. याची कबर म्हणजे इब्राहिम रोजा.

महंमद (१६२७ ते १६५६). गोलघुमटवाला, तो याचीच कबर. शहाजीराजे १६३६ नंतर ज्याच्या चाकरीत होते तो हाच.

दुसरा अली (१६५६ ते १६७२). अफझलखानाची स्वारी, पन्हाळ्याचा वेढा, सिद्दी जौहर हे सगळं याच्या कारकिर्दीतलं. याची कबर म्हणजे बारा कमान, अर्धवट राहिलेली.

यानंतर सिकंदर, लहानपणी गादीवर आला आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, संपलं. एवढं एका कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण तिथे गेल्यावर दोन अली आणि दोन इब्राहिम यांचा गोंधळ होतोच होतो. पाट्यांवरही नुसतं आदिलशहा लिहिलेलं असतं, कोणता ते आपण ओळखायचं.

२. दिवस कोणता निवडायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर काळा दगड असा तापतो की जामा मशिदीच्या अंगणात अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. पावसाळा इकडे फार नसतो त्यामुळे ऑगस्ट सप्टेंबरही चालेल, आकाश छान असतं.

शुक्रवार टाळा. दोन कारणं आहेत, एक म्हणजे गोलघुमटाच्या आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि दुसरं म्हणजे जामा मशीद ही वापरातली मशीद आहे, शुक्रवारी दुपारी नमाजाला गर्दी असते तेव्हा आपण कॅमेरे घेऊन आत घुसणं बरं दिसत नाही. डिसेंबर जानेवारीत शाळांच्या सहली असतात आणि गोलघुमटात शंभर पोरं एकदम शिट्ट्या मारायला लागली की काय होतं ते मी सांगायची गरज नाही. त्यावर उपाय पुढे आहे.

किमान दीड दिवस हवा. दुपारी पोचा, एक मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघा. एका दिवसात होतं असं सांगणारे लोक सुरुवातीला सांगितलेल्या, टाळी वाजवून परतणाऱ्यांपैकी असतात.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं फार नाहीत:

- फोटो असलेलं ओळखपत्र, आधार चालतं. लॉजवर प्रत्येकाचं मागतात, एकाचं दाखवून भागत नाही.
- गोलघुमट आणि इब्राहिम रोजा या दोन्हीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, दोन्हीकडे वेगवेगळं. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांग वाचते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण मूल उंच असेल तर वयाचा पुरावा ठेवा.
- परदेशात राहणारे जे आहेत त्यांनी भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड जवळ ठेवावं, नाहीतर परदेशी पाहुण्यांचा दर लागतो आणि तो कितीतरी पट आहे.
- ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, ड्रोन तर आणूच नका.

सामान:

- छोटी दुर्बीण. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि कुणीच आणत नाही. विजापूरचं निम्मं कोरीवकाम छज्जाखाली आणि मिनारांच्या वरच्या टोकाला आहे, खालून नुसत्या डोळ्यांनी ते सगळं सारखंच दिसतं.
- टॉर्च, मोबाईलचा चालेल पण गोलघुमटाच्या जिन्यात एक हात मोकळा पाहिजे.
- जाड मोजे. चपला बाहेर काढाव्या लागतात तेव्हा तापलेल्या फरशीवर मोजे वाचवतात.
- सहज निघणारी पादत्राणं, बुटाच्या लेस बांधत सोडत बसलात तर दिवस जाईल.
- डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल, पाणी, सुटे पैसे.

४. पोचायचं कसं, राहायचं कुठं

सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला आहे, एसटी आणि कर्नाटकाच्या बस दोन्ही सतत असतात. रेल्वेने यायचं तर सोलापूर–गदग मार्गावर विजयपुरा स्टेशन आहे आणि गाडी जवळ आली की गोलघुमट खिडकीतून दिसायला लागतो, स्टेशनपासून तो अगदी जवळच आहे. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी सोलापूर गाठून पुढची सोय बघणं सोपं.

राहायचं तर स्टेशन रोड किंवा गोलघुमटाच्या बाजूला. कारण दुसऱ्या दिवशी पहाटे गोलघुमटाच्या दारात उभं राहायचंय.

भाषा कानडी पण मराठी बऱ्याच जणांना समजते, आणि तिथली दखनी हिंदी कानाला इतकी गोड लागते की मुद्दाम रस्ता विचारावासा वाटतो. जेवायला खानावळ शोधा, कडक ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही. सोलापूरकरांना घरी आल्यासारखं वाटेल.

रिक्षा आणि टांगा दोन्ही मिळतात. ठिकाणांची नावं एक एक सांगून भाव ठरवा. "सगळं दाखवतो साहेब" यातलं सगळं म्हणजे गोलघुमट, तोफ आणि एक साडीचं दुकान असू शकतं.

५. सुरुवात जामा मशिदीपासून

पहिल्या दिवशी दुपारी पोचलात की सरळ इथे या. गोलघुमट दिसत राहील, बोलवत राहील, जाऊ नका.

पहिल्या अलीने १५७६ च्या सुमारास ही मशीद सुरू केली, आणि ती पुरी कधी झालीच नाही, पूर्वेच्या बाजूचे मिनार उभे राहिलेच नाहीत. आत नमाजाचा दालनभाग ओळीने उभ्या असलेल्या जाड खांबांचा आणि कमानींचा आहे, पांढरा गिलावा, जवळजवळ काहीच नक्षी नाही. पहिल्यांदा बघताना रिकामं वाटतं. दोन मिनिटं थांबा, एका कोपऱ्यातून तिरकं बघा, कमानींमागे कमानी कशा जातात ते बघा. खाली फरशीवर एकेका माणसाच्या नमाजापुरते चौकोन आखलेले आहेत, सुमारे २२५० आहेत, ते औरंगजेबाच्या काळात आखले असं सांगतात.

आता मधल्या मोठ्या घुमटाखाली जा आणि वर बघा. पुढच्या दोन दिवसांचं सगळं इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खोली चौकोनी असते आणि घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा तर चार कोपऱ्यांत काय करायचं हा जगभरच्या घुमट बांधणाऱ्यांचा जुना प्रश्न. विजापूरच्या गवंड्यांनी काय केलं तर एकावर एक दोन पाट ठेवून वरचा तिरका फिरवला की जशी आठ टोकांची चांदणी होते, तशा दोन चौकोनांच्या बाजूंवरून आठ कमानी उभ्या केल्या. या कमानी वर जाताना एकमेकींना छेदतात. छेदत छेदत वर मध्ये एक अष्टकोन तयार होतो आणि कोपऱ्यांच्या जागा आपोआप भरून येतात. त्या अष्टकोनावर गोल कडं, कड्यावर घुमट.

यातली खरी हुशारी पुढे आहे. घुमट नेहमी भिंतींना बाहेर ढकलत असतो, म्हणून बाकी ठिकाणी भिंतींना बाहेरून टेकू द्यावे लागतात. इथे छेदणाऱ्या कमानींचा हा सगळा पसारा भिंतीपासून आत झुकलेला आहे, त्याचं वजन आतल्या बाजूला पडतं आणि घुमटाचा बाहेरचा रेटा तिथल्या तिथे मारतो. बाहेरून काही दिसत नाही. उद्या सकाळी हेच तुम्हाला अवाढव्य आकारात बघायचंय.

पश्चिमेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा आहे आणि एवढ्या साध्या मशिदीत तोच एक भाग सोन्याने आणि रंगांनी भरलेला. हे रंगकाम मशिदीच्या वेळचं नाही, महंमद आदिलशहाच्या काळात १६३६ मध्ये मलिक याकूत याने करवलं. त्यात कोनाडे रंगवलेत, कोनाड्यात पुस्तकं, सुरया, फुलदाण्या, म्हणजे भिंतीवर खोटी भिंत चितारलेली. तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, मग नीट बघू देतात. फ्लॅश मारू नका.

६. वाटेत मेहतर महाल, मग अर्ककिल्ला

जामा मशिदीकडून अर्ककिल्ल्याकडे, म्हणजे शहराच्या आतल्या बालेकिल्ल्याकडे जाताना रस्त्यालगत एक उंच सडपातळ दरवाजा लागतो, तो मेहतर महाल. महाल नाहीच तो, एका छोट्या मशिदीचं प्रवेशद्वार आहे, १६२० च्या सुमाराचं. इथे दुर्बीण काढा. पुढे आलेल्या सज्जाखाली त्याला पेलणारे दगडी हस्त, म्हणजे तिरके टेकू आहेत, त्यावर सिंह, हंस, नक्षी, सगळं काळ्या पाषाणात पण काम लाकडातलं वाटावं इतकं बारीक. आपल्या वाड्यांतले लाकडी हस्त ज्यांनी बघितलेत ते इथून लवकर हलत नाहीत.

अर्ककिल्ल्यात गगन महाल (१५६१). हा दरबाराचा, समोरची मधली कमान साठ फुटांहून रुंद आहे, छत कधीचंच गेलं. १६८६ मध्ये सिकंदरला चांदीच्या बेड्या घालून औरंगजेबासमोर इथेच आणलं असं सांगितलं जातं. आता बाग आहे, माणसं डबे खात बसलेली असतात.

शेजारी सात मंझिली आणि पाण्यातली छोटी जलमंझिल, बाहेरूनच बघायच्या. आसार महाल पूर्वेला, अर्ककिल्ल्याच्या तटाबाहेर, उंच लाकडी खांबांचा, आधी न्यायदानाचा महाल होता, नंतर पैगंबरांचे केस जपून ठेवायची जागा झाली. वरच्या मजल्यावर भिंतीचित्रं आहेत पण बायकांना आत सोडत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या म्हणजे दारात वाद होणार नाही. हा सगळा टप्पा भराभर उरका कारण ऊन उतरायच्या आत पश्चिमेला पोचायचंय.

७. इब्राहिम रोजा, दुपारी चारनंतर

माझ्या मते विजापुरातली सगळ्यात सुंदर वास्तू ही, आणि गोलघुमट बघून दमलेले लोक इथे वीस मिनिटांत आटपतात. म्हणून आधी इथे. तटाच्या पश्चिमेला बाहेर आहे.

एका उंच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर, पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद, मध्ये कारंज्याचं हौद. कबरीचं तोंड असं आहे की संध्याकाळचं ऊन सरळ तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर येतं, आणि भिंतीवरचं कोरीवकाम इतकं उथळ आहे की ते तिरक्या उन्हातच उठून दिसतं. दुपारी बाराला गेलात तर सपाट भिंत दिसेल.

मुळात दुसऱ्या इब्राहिमने हे बायकोसाठी, ताजसुलतानासाठी काढलं होतं, पण १६२७ मध्ये तो स्वतः गेला आणि त्यालाही इथेच ठेवलं. काम मलिक संदल याने करवलं, तसा लेखच दारावर आहे, खर्चही लिहिलाय, दीड लाख होन आणि वर नऊशे. हिशोब दगडात कोरून ठेवणारा माणूस मला तरी आवडला.

काय काय बघायचं:

आधी व्हरांड्यात कबरीच्या भोवती एक पूर्ण फेरी मारा. चारही बाजूंना दार, दाराच्या दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि भिंतींवर तबकांतबकांत वेगवेगळी नक्षी, एक भूमितीची, एक अक्षरांची, पुन्हा वेगळी भूमितीची. काही ठिकाणी रंगाचे पुसट डाग राहिलेत, म्हणजे हे सगळं एके काळी रंगीत होतं हे लक्षात ठेवून बघा.

मग खिडक्यांच्या वरच्या जाळ्या. लांबून त्या नेहमीच्या दगडी जाळ्या वाटतात. जवळ जा, त्या जाळ्या म्हणजे अरबी अक्षरं आहेत. अक्षरांच्या मधला दगड कोरून काढून टाकलाय आणि अक्षरंच एकमेकांना धरून उभी आहेत, एक अलिफ दुसऱ्या अक्षराच्या पोटात अडकलेलं, कुठेच सुटं नाही, कारण एक सुटलं तर जाळी पडेल. म्हणजे लिहिणाऱ्याला नुसतं सुंदर लिहून चालणार नव्हतं, दगड तोलला जाईल असं लिहायला लागणार होतं. बाहेरून बघू नका, आतल्या अंधारात उभे राहून उजेडाकडे तोंड करून बघा, तेव्हा अक्षरं काळी आणि मधली जागा पांढरी होते.

आत गेल्यावर वर बघा. घुमट दिसणार नाही. सपाट दगडी छत आहे, कडेने वळून मध्ये एकदम सपाट, फरशा एकमेकींना कडेला कडा लावून बसवलेल्या, खाली खांब नाही, तुळई नाही. त्याच्यावर पोकळ जागा आणि मग बाहेरून दिसणारा घुमट. काल, म्हणजे आज दुपारी, जामा मशिदीत तुम्ही घुमट पेलायची युक्ती बघितली, इथे त्यांनी ती बाजूला ठेवून घुमट लपवूनच टाकलाय.

शेवटी समोरच्या मशिदीच्या छज्जाच्या कोपऱ्यांत बघा, दगडी साखळ्या लोंबतायत, एकाच दगडातून कोरलेल्या कड्यांच्या. काही तुटल्यात.

आणि एक खूण इथेच शिकून घ्या, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. विजापुरी कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एक गोल तबक असतं आणि ते तबक खालून आलेल्या वळणदार हस्ताने पेललेलं असतं. तसंच घुमट भिंतीतून सरळ उठत नाही, त्याच्या तळाशी कमळाच्या पाकळ्यांचं कडं असतं आणि त्यातून तो वर येतो. तबक आणि पाकळ्या दोन्ही दिसल्या की आदिलशाही समजा.

जाताजाता मक्का दरवाजाजवळ ताज बावडी आहे, मलिक संदलनेच ताजसुलतानाच्या नावाने १६२० च्या सुमाराला बांधलेली. मोठी कमान, दोन बुरूज, खाली पाणी. पाणी कोणत्या अवस्थेत असेल ते नशीब.

८. गोलघुमट, पहाटे

दार उघडायच्या वेळेला तिथे असा. सकाळी सहाच्या सुमारास उघडतं, पण वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, वरची गॅलरी कधी सुरू होते तेही विचारा. पहिला अर्धा तास हाच काय तो शांत मिळतो, नंतर सहली सुरू.

लगेच वर पळू नका. आधी खालच्या दालनात मध्यभागी उभे रहा. एका बाजूला ४१ मीटर असा चौकोन, मध्ये एकही खांब नाही. वर बघा. आठ कमानी, एकमेकींना छेदणाऱ्या, तीच तिरक्या चौकोनांची चांदणी. कालची युक्ती. आता ती सुमारे ३८ मीटर व्यासाचा विटा-चुन्याचा घुमट पेलतेय, ज्याची जाडी तळाशी दहा फुटांच्या घरात आहे. मला विचाराल तर याच एका क्षणासाठी मी तुम्हाला काल जामा मशिदीत थांबवून ठेवलं.

मध्ये चौथऱ्यावर कबरी आहेत, महंमद, त्याच्या बायका, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी. वर दिसतात त्या खुणा, खऱ्या कबरी खाली तळघरात. दक्षिणेच्या दारावर लेख आहेत त्यातून १०६७ हिजरी म्हणजे १६५६ हे साल निघतं, महंमदाच्या मृत्यूचं. आतल्या भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत, इब्राहिम रोजानंतर ते खटकतं. बापाने अक्षरं कोरण्यात जीव ओतला आणि मुलाने सगळा डाव आकारावर लावला, दोन पिढ्यांतला हा फरक काल-आज लागोपाठ बघितल्यावरच जाणवतो.

मग वर. चार कोपऱ्यांत सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि जिना त्यांच्यातून जातो. पायऱ्या उंच, अरुंद, गुळगुळीत झालेल्या, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर खिडकीपाशी थांबत जावं. वर गच्चीवर आलात की आत गॅलरीत शिरायच्या आधी बाहेरून घुमटाच्या तळाशी जा, पाकळ्या हाताच्या अंतरावर आहेत, माणसाहून उंच.

आता गॅलरी. टाळी सगळेच वाजवतात, ती वाजवाच. पण खरा चमत्कार कुजबुजीचा आहे. दोघांपैकी एकाने बरोबर समोरच्या बाजूला जाऊन बसायचं, भिंतीला कान लावायचा, दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं. मध्ये मोकळी हवा आहे तिच्यातून आवाज येत नाही, तो गोल भिंतीला धरून सरकत येतो. कागद चुरगाळला तरी पलीकडे कळतं. पण आजूबाजूला दहा माणसं बोलत असतील तर यातलं काही होणार नाही, म्हणून पहाट.

खाली आल्यावर समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, ते उशिरा उघडतं, तोपर्यंत नाष्टा करून या. शिलालेख, गालिचे, चिनी भांडी, हस्तलिखितं. आदिलशाही चित्रकला मात्र इथे जगात गाजलेल्या दर्जाची मिळणार नाही, दुसऱ्या इब्राहिमच्या काळातली उत्तम चित्रं देशोदेशीच्या संग्रहालयांत गेलीत. त्याच्याही आधीची, पहिल्या अलीच्या काळातली एक सचित्र पोथी, १५७० ची नुजूम-उल-उलूम, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. आयर्लंडात असाल तर विजापूरच्या आधी तिकडेच सोपं पडेल.

९. मुलूखमैदान आणि उपली बुरूज

पश्चिमेच्या तटावर शेरझा बुरुजावर तोफ आहे. ही मूळची आपल्या नगरची, निजामशाहीत १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरात आणली. ५५ टन वजन सांगतात, आणि हे धूड बैल आणि हत्ती लावून परंड्याहून ओढत आणलंय. तोंडाशी बघा, सिंहासारख्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. आदल्या दिवशीच्या नाजूक जाळ्यांनंतर हे बरं वाटतं. १८५४ मध्ये इंग्रजांनी हिचा लिलाव काढला होता आणि बोली आली दीडशे रुपये, मग तो रद्द झाला.

उपली बुरूज जवळच, ऐंशी फूट उंच, बाहेरून गोल जिना. वर लांबलचक तोफा आणि अख्ख्या शहराचा देखावा. इथून पूर्वेला गोलघुमट आणि पश्चिमेला रोजा एकाच वेळी दिसतात, तटाची १० किलोमीटरची फेरी कशी गेली असेल तेही कळतं.

१०. बारा कमान सगळ्यात शेवटी

गावाच्या मध्ये, रस्त्यालगत. दुसऱ्या अलीची कबर, २१५ फुटी चौकोनी चौथरा, काळ्या दगडाच्या उंच टोकदार कमानी आणि वर आकाश. ही पुरी झालीच नाही. काही कमानी तेवढ्या वळवून झाल्यात, काही निम्म्यात थांबल्या, त्यामुळे गिलाव्याखाली एरवी झाकलं जाणारं दगडाचं काम इथे उघडं आहे. कमानीचा एक दगड धरून तो शेजारच्या दगडाला कसा भिडवलाय, सांधा किती बारीक आहे ते हाताने बघा. बाकीच्या इमारतींत तुम्ही निकाल बघितला, इथे काम चालू असतानाची अवस्था.

११. कुठे कुठे फसाल

"जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट" हे वाक्य प्रत्येक गाईड म्हणतो. रोमचं पॅन्थियॉन ४३ मीटरच्या वर आहे, सेंट पीटर्स ४१ च्या वर, फ्लॉरेन्सचाही मोठा आहे. गोलघुमटाचा ४४ मीटर हा आकडा बाहेरून मोजलेला, जाडी धरून. पण एका घुमटाखाली झाकलेल्या फरशीचं क्षेत्रफळ मोजलं तर गोलघुमट पॅन्थियॉनच्या पुढे जातो, कारण तिथे खोली गोल आहे आणि इथे चौकोनी. वाद घालायचाच तर हा आकडा घेऊन घाला.

अफझलखानाने मोहिमेवर निघताना त्रेसष्ट बायका विहिरीत ढकलल्या, म्हणून "साठ कबर" दाखवायला नेतात. कबरी आहेत, ओळीने, एकसारख्या. गोष्ट मात्र दंतकथा आहे, रिक्षावाला ती बघितल्यासारखी सांगतो. रंभेने गॅलरीतून उडी मारली, मेहतर महाल झाडूवाल्याने बांधला, ही त्याच माळेतली. ऐका, मजा घ्या, इतिहास म्हणून घरी पोराला सांगू नका.

गाईड करायचाच असेल तर गोलघुमटावर नको, इब्राहिम रोजावर करा. गोलघुमट स्वतःच बोलतो, रोजाला सांगणारं कुणीतरी लागतं.

१२. परत आल्यावर

डोळा एकदा बसला की महाराष्ट्रातही तो कामाला लावता येतो. पन्हाळा बराच काळ आदिलशाहीत होता, तिथला तीन दरवाजा बघा, नक्षी आणि छज्जा ओळखीचा वाटेल. दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर, तिथे खाडीकाठी असलेली मशीद याच घाटणीची आहे, घुमट, मिनार, कमानी, सगळं. गोव्यात फोंड्याला साफा मशीद आणि तिचं तळं, आणि जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाचा उरलेला तुकडा, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घ्यायच्या आधीचा. दाभोळला जाणार असाल तर धोपाव्याहून फेरीबोट मिळते, गाडीसकट चढता येतं, म्हणजे गुहागर आणि दाभोळ एकाच फेरीत होऊन जातं.